गाडीला भूत लागतं तेव्हा: बीसीएम म्हणजे काय, आणि ते बदलायचं कधी

"मेस्त्री, गाडीला भूत लागलंय बघा."

पावसाळ्यात असा एखादा फोन येतोच. या खेपेला गारगोटीकडचे एक गुरुजी होते. रात्री दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये लॉक करून ठेवलेली त्यांची गाडी आपोआप हॉर्न वाजवायला लागली. किल्ली घरात खुंटीला. गुरुजी धावत बाहेर आले तर पार्किंगचे दिवे लागलेले, मागचा वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरतोय आणि चारी दारांची लॉकं खट्-खट् उघडझाप करतायत. गल्ली जागी झाली. शेवटी कुणीतरी दहाचा पाना आणून बॅटरीची वायर काढली, तेव्हा लोक परत झोपायला गेले.

सकाळी एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "बीसीएम गेलंय. नवीन टाकावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून गुरुजींनी मला फोन लावला. मी कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. फोनवर मी एवढंच म्हणालो, "गेलं असेलही. पण कशानं गेलं ते त्यांनी सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी काम शिकलो ते जुन्या जीप आणि ॲम्बॅसडरवर. तिथं सगळा सरळ मामला होता. हेडलाइटचा स्विच ओढला की बॅटरीतला करंट फ्यूजमधून, स्विचमधून थेट दिव्यात जायचा. दिवा लागला नाही तर टेस्ट लॅम्प घेऊन वायरीच्या मागे मागे जायचं. कुठेतरी वायर तुटलेली नाहीतर टर्मिनल गंजलेलं सापडायचंच. वस्ताद म्हणायचे, करंट खोटं बोलत नाही.

आजच्या गाडीत स्विच म्हणजे नुसता अर्ज असतो. तुम्ही इंडिकेटरची दांडी खाली केली की दिव्याला करंट जात नाही. "डावा इंडिकेटर हवा आहे" एवढा निरोप एका डब्याकडे जातो. हा डबा म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आम्हा लोकांच्या तोंडी बीसीएम. डबा बघतो की किल्ली चालू आहे का, दुसरा कुठला अर्ज त्याच्या आड येतोय का, आणि मग स्वतःच्या पोटातल्या रिलेमधून (थोड्या करंटवर चालणारा आपोआप स्विच) किंवा चिपमधून दिव्याला करंट सोडतो. टिक-टिक आवाजसुद्धा आता बऱ्याच गाड्यांत खऱ्या फ्लॅशरचा नसतो, स्पीकरमधून वाजवलेला असतो. दारांची लॉकं, काचा, वायपर, हॉर्न, आतला दिवा, मागच्या काचेचा हीटर, चोरीचा अलार्म, आणि कित्येक गाड्यांत इंजिन चालू होऊ द्यायचं की नाही याची परवानगी, हे सगळं या एका कारभाऱ्याच्या हातात असतं. इंजिनला वेगळा कॉम्प्युटर, ब्रेकच्या एबीएसला वेगळा, एअरबॅगला वेगळा. बीसीएमकडे घर सांभाळायचं काम.

असा कारभारी ठेवायचं कारण साधं आहे, तांबं वाचतं. प्रत्येक दिव्याला स्विचपासून स्वतंत्र वायर न्यायची तर दारात मनगटाएवढा जुडगा होईल. त्याऐवजी या डब्यांनी आपसात बोलायचं ठरवलं, तेही फक्त दोन वायरींवर. या पद्धतीला कॅन म्हणतात; बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. ती कशी चालते ते समजायला गावातली दवंडी आठवा. दवंडी पिटणारा कुणा एकाच्या दारात जात नाही, चौकात ओरडतो. ऐकतात सगळे, पण ज्याच्या कामाची असेल तोच उठतो. तसंच एबीएसचा डबा ओरडतो, "गाडीचा वेग वीस किलोमीटर." मीटर ते ऐकून काटा हलवतो, बीसीएम ते ऐकून दारं आपोआप लॉक करतो, म्युझिक सिस्टीम आवाज थोडा वाढवते. दोघे एकदम ओरडले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा तो पुढे जातो, दुसरा आपण होऊन गप्प बसतो आणि नंतर बोलतो.

या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरून स्पार्कचा किंवा मोटरचा त्रास झाला तर तो दोन्हींवर सारखाच पडतो, आणि डबे बघतात फक्त दोघींतला फरक. त्रास दोन्हीकडे सारखा म्हणून फरकात तो राहतच नाही. कुणीतरी म्युझिक सिस्टीम बसवताना या वायरी उलगडून, मध्ये कापून, चिकटपट्टीने जोडल्या की असली कटकट सुरू होते ती शोधायला दोन दिवस जातात. हे मी वैतागूनच लिहितोय.

आता मूळ मुद्दा. बीसीएम गेलंय हे ओळखायचं कसं?

गुरुजींच्या गाडीच्या स्कॅनवर यू०१४० हा कोड होता. त्याचा अर्थ: बाकीच्या डब्यांना बीसीएमचा आवाज येत नाही. एवढंच. माणूस फोन उचलत नाही म्हणजे तो गेला असं आपण धरत नाही. बॅटरी संपलेली असेल, रेंज नसेल. बीसीएमला करंट मिळत नसेल, अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंटची बॅटरीकडे परत जायची वाट) तुटलेला असेल, दोन बोलक्या वायरींपैकी एक कुरतडलेली असेल, तरीही कोड हाच येतो. स्कॅनर फक्त कुणाशी बोलणं होत नाही ते सांगतो, का होत नाही ते मल्टिमीटर घेऊन आपण शोधायचं असतं.

अर्थचं महत्त्व लोकांना पटत नाही, म्हणून एक किस्सा सांगतो. एका गाडीचं बीसीएम दोनदा बदलून झालं होतं. दोन्ही वेळा नवीन डबा, पावती सगळी व्यवस्थित. तक्रार तीच: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लागतात, वायपर चालू केला की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. मालक हताश. मी विचारलं, गाडी कुठे ठोकली होती का? तर वर्षापूर्वी उसाच्या ट्रॉलीने डावी बाजू घासली होती, डेंटिंग-पेंटिंग झालं होतं.

ब्रेक दाबून धरायला पोराला बसवलं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं बीसीएमच्या अर्थच्या पिनला. दोन्ही एकच जागा समजायच्या, मग मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवं, ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. तिथं १.८ दिसत होते. पायाजवळचं प्लास्टिक काढलं तर बॉडीला बोल्टने जोडलेली अर्थची वायर दिसली. बोल्ट घट्ट, वायर चांगली, पण पेंटरने बोल्ट काढून तिथल्या पत्र्यावर झकास रंग मारून वर परत बोल्ट आवळला होता. रंगातून करंट जातो कसा? थोडा बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जायचा. जास्त करंट लागला की त्याला वाट पुरायची नाही, मग तो दुसऱ्या दिव्यांच्या वायरीतून उलटा फिरून परतीचा रस्ता शोधायचा. म्हणून ब्रेक दाबला की भलतंच काहीतरी लागायचं. सँडपेपरने आठ आण्याएवढी जागा घासली, बोल्ट आवळला. काम संपलं. दोन बीसीएमचे पैसे गेले ते गेले.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरी: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं, इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी मेलेली असताना आलेल्या कोडांवर मी विश्वासच ठेवत नाही. उपाशी डबे काहीबाही बरळतात. मग फ्यूज, तेही डोळ्याने न बघता मीटरने. मग बीसीएमच्या करंटच्या आणि अर्थच्या पिना, आणि त्यासुद्धा भार टाकून, म्हणजे दिवे चालू ठेवून. भार नसलेल्या मोकळ्या वायरीत तांब्याची एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो.

त्यानंतर कॅनच्या वायरी. यासाठी एक फार सुंदर परीक्षा आहे. या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर बसवलेला असतो. दोन्ही समांतर, त्यामुळे मधून कुठूनही मोजलं तरी ६० ओहम यायला हवेत. बॅटरी काढायची, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या स्कॅनर सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवर मीटर लावायचा. ६० आले तर रस्ता शाबूत. १२० आले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये एक दरवान डबा असतो, तिथं ही मोजणी आत जाऊन करावी लागते. पण साध्या गाडीत एका मिनिटात निम्मं चित्र कळतं.

आणि दारातला रबराचा नळा विसरू नका. दार आणि बॉडी यांच्यामध्ये वायरी त्या नळ्यातून जातात, आणि दार उघडलं-मिटलं की दर वेळी वाकतात. काही वर्षांनी आतल्या आत तांबं तुटतं, वरून प्लास्टिक शाबूत. काच चालत नाही, लॉक चालत नाही, दोष डब्याच्या माथी. उंदीर हा दुसरा आरोपी. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी लागत असेल तर बॉनेट उघडून लेंड्या दिसतायत का ते मी आधी बघतो.

गुरुजींच्या गाडीत यातलं काही नव्हतं. बॅटरी चांगली, अर्थ चांगला, ६० ओहम बरोबर. मग ड्रायव्हरच्या पायाजवळचा गालिचा दाबला, तर बोटांमधून पाणी वर आलं.

समोरच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी काळी जाळी असते, तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरून आलेलं पाणी तिच्यात पडतं आणि दोन बाजूंच्या भोकांतून चाकांजवळ खाली जातं. गुरुजींची गाडी शाळेत दिवसभर चिंचेखाली उभी असते. चिंचेचा पाला एवढा बारीक की जाळीतून सहज आत जातो आणि भोकात बसून त्याचा लगदा होतो. मी जाळी काढली तर आत चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ. भोकं बंद, पन्हळ भरली, पाण्याने वायरींच्या रबराशेजारून केबिनमध्ये वाट काढली. पाणी वायरीला धरून उतरतं, पागोळीचं पाणी दोरीवरून उतरतं तसं, आणि वायर संपते तिथं पोचतं. वायर संपत होती बीसीएमच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी डब्याला जोडणाऱ्या प्लगमध्ये.

कपलर उपसला. तेरा पिनांवर हिरवी बुरशीसारखी पूड. डबा उघडला तर बोर्डाच्या एका कोपऱ्यात तांब्याच्या रेषा खाल्लेल्या, आणि मुख्य चिपच्या चार पायांमध्ये हिरवट साका. दोन पायांमध्ये ओलावा आला की चिपला वाटतं कुणीतरी बटण दाबलंय. हॉर्नचा अर्ज आला, वायपरचा अर्ज आला, लॉकचा आला. कारभारी प्रामाणिकपणे सगळे अर्ज मंजूर करत होता. गुरुजींचं भूत ते एवढंच.

इथं लोक विचारतात, दुरुस्त होणार नाही का? कधी कधी होतं, आणि होत असेल तर मी आधी दुरुस्तीच करतो. रिलेचं सोल्डर तडकलेलं असेल, म्हणजे आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो ते, तर परत सोल्डर मारलं की डबा वर्षानुवर्षं चालतो. एखादा रिले जळाला असेल तर तो बदलता येतो. कोल्हापुरात मोबाइलच्या बोर्डावर बारीक काम करणारी पोरं आहेत, त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला. त्यांच्याकडूनही मी चिपा बदलून घेतल्यात. पण मुख्य चिपच्या पायांखाली गंज शिरला की तो आज साफ दिसतो आणि पुढच्या पावसात परत चालायला लागतो. रात्री घाटात हेडलाइट विझणारी गाडी मी कुणाच्या हातात देत नाही. गुरुजींना म्हणालो, पहिल्या गॅरेजवाल्याचं बरोबर होतं, डबा गेलाय. पण त्याने नवीन टाकला असता तर तोही चिंचेच्या पाण्यात महिनाभरात गेला असता.

आता बदलण्याकडे. डबा काढून डबा लावणं हे काम अर्ध्या तासाचं. लोकांना वाटतं एवढंच काम. खरं काम त्यानंतरचं आहे, कारण नवा डबा कोरा असतो. त्याला माहीत नाही तो कुठल्या गाडीत आलाय.

म्हणून जुना डबा जिवंत आहे तोवर त्याच्याकडून सगळं काढून घ्यायचं. मी स्कॅनर लावून त्याची सगळी माहिती उतरवून ठेवतो: कोणतं मॉडेल, मागे वायपर आहे की नाही, फॉग लॅम्प आहेत का, दारं किती वेगाला लॉक होतात, किल्ल्या किती. मरणाआधीचा जबाबच म्हणा. डबा पूर्ण मेला असेल तर ही माहिती गाडीच्या चासी नंबरवरून कंपनीच्या यंत्रणेतून काढावी लागते. तो सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर आरसीवर असतो, म्हणून आरसी बरोबर आणा म्हणतो.

नवा डबा मागवतानाही तोच नंबर लागतो. जुन्या डब्यावरच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो, त्यातलं शेवटचं अक्षरसुद्धा जुळायला हवं. कपलर बसला म्हणजे डबा तोच असं नाही. साध्या मॉडेलचा डबा महागड्या मॉडेलला लावला तर सगळं चालतं आणि मागचा वायपर तेवढा चालत नाही, मग त्या वायपरची मोटर बदलली जाते, मग स्विच बदलला जातो. असली सर्कस मी बघितलीय. छोट्या गाडीचा डबा काही हजारांत येतो, भारी गाडीचा त्याच्या कितीतरी पट.

"भंगारातला नाही का मिळणार?" हा प्रश्न ठरलेला. मिळतो, स्वस्तात. पण तो कोरा नसतो, दुसऱ्या गाडीशी लग्न झालेला असतो. त्याच्या पोटात त्या गाडीचा चासी नंबर आणि त्या गाडीच्या किल्ल्या लिहिलेल्या असतात. काही कंपन्यांचे डबे पुसून परत लिहिता येतात, काहींचे एकदा लिहिले की कायमचे. जाणकार माणूस जुन्या डब्यातली मेमरी चिप वाचून तीच माहिती दुसऱ्या डब्यात उतरवतो, म्हणजे गाडीला वाटतं आपलाच डबा. ते काम नीट झालं तर चालतं. फक्त काही गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरबरोबर बीसीएममध्येही ठेवलेला असतो, तेव्हा भंगारातला डबा जोडल्यावर मीटरवर गोंधळ होऊ शकतो. पुढे गाडी विकताना तो गोंधळ कुणाच्या गळ्यात पडणार, हे आधी ठरवून घ्या.

डबा काढताना किल्ली काढायची, गाडी झोपू द्यायची, म्हणजे सगळे डबे आपोआप बंद होऊ द्यायचे, मग निगेटिव्ह काढून दहाएक मिनिटं थांबायचं. घाई केली तर दोन धोके. जवळपास पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांच्या डब्यात बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ करंट साठलेला असतो. आणि चालू करंटवर बीसीएमचा कपलर उपसला तर पिना एकसाथ सुटत नाहीत, अर्थ आधी सुटला की डबा जळू शकतो.

नवा डबा बसला. आता लिहायचं. यात सगळ्यात नाजूक गोष्ट व्होल्टेज. किल्ली चालू ठेवून पाऊण तास, तासभर काम चालतं, इंजिन बंद. बॅटरी उतरत जाते आणि लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर डबा अर्धवट लिहिलेला राहतो; मग तो ना कोरा, ना लिहिलेला. साधा चार्जर लावून चालत नाही, त्याचं व्होल्टेज खालीवर होतं. स्थिर १३.५ व्होल्ट देणारं यंत्र लावतो, आणि ते यंत्र इन्व्हर्टरवर. पावसाळ्यात दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि एकदा त्यामुळे माझ्या खिशातून दुसरा डबा आणावा लागलाय.

सगळं लिहून झालं, दिवे लागले, वायपर फिरले, हॉर्न वाजला. किल्ली फिरवली तर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. गुरुजींचा चेहरा पडला. यात बिघाड काही नव्हता, अजून ओळखपरेड बाकी होती.

तुमच्या किल्लीच्या प्लास्टिकमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. रिमोटची बटणं बॅटरीवर चालतात, ते खातं वेगळं. किल्लीच्या भोकाभोवती वायरीचं एक वेटोळं असतं, ते लहरी सोडतं आणि त्या लहरींवरच ही चिप क्षणभर जागी होते. गाडी तिला एक कोडं घालते, चिप उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तर बीसीएम इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, आपला माणूस आहे, डिझेल सोड. हे इमोबिलायझर. नवा बीसीएम गुरुजींच्या किल्लीला ओळखत नव्हता, आणि इंजिनचा कॉम्प्युटर नव्या बीसीएमला ओळखत नव्हता. दोघांची गाठ घालून द्यायला गुप्त पिन लागतो. तो पिन मालकाची कागदपत्रं बघून मगच मिळतो, आणि तसंच असायला हवं. आरसी, ओळखपत्र न बघता कुणी दहा मिनिटांत किल्ली बनवून देतो म्हणाला, तर तो उद्या तुमच्या गाडीची किल्ली दुसऱ्यालाही बनवून देईल.

बऱ्याच गाड्यांत किल्ल्या शिकवायला घेतल्या की आधीची सगळी यादी पुसली जाते. त्या वेळी जी किल्ली हजर नाही ती बाद. गुरुजींची दुसरी किल्ली पुण्यात मुलाकडे होती. त्याने ती कुरिअर केली, गाडी एक दिवस माझ्या दारात उभी राहिली. आधी विचारलं असतं तर तो दिवस वाचला असता, चूक माझीच. आता फोनवरच विचारतो: घरात किती किल्ल्या आहेत, सगळ्या घेऊन या.

मग बारीकसारीक. बॅटरी काढल्यामुळे काच एका दाबात वर जाणं विसरते, तिला एकदा पूर्ण खाली-वर करून धरून ठेवलं की आठवतं. कोड पुसायचे, गाडी रस्त्यावर फिरवून आणायची, परत स्कॅन करायचा. आणि नवा डबा परत भिजू नये म्हणून वायरींचा जुडगा कपलरच्या आधी खाली झोळ देऊन बांधायचा. पाणी आलंच तर झोळावरून खाली टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही.

जाता जाता, डबे मारणाऱ्या आणखी दोन गोष्टी. जंप स्टार्ट करताना प्लस-मायनस उलटं लावणं. त्यात फ्यूज उडाला तर नशीब. आणि मोठाले हॉर्न, जादा लाइट हे बीसीएमच्या वायरीतून थेट करंट घेऊन जोडणं. त्या डब्याची वाट बारीक असते. जादा दिव्यांना बॅटरीपासून वेगळी वायर, वेगळा फ्यूज आणि रिले टाका, हौसेला ना नाही. इंडिकेटरला एलईडी लावल्यावर तो भराभर लुकलुकायला लागतो, तेही बिघाडाचं लक्षण नाही: एलईडी करंट कमी खातो, डब्याला वाटतं बल्ब गेला.

आणि कोल्हापुरात राहून महापुराचं बोलल्याशिवाय कसं चालेल. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांत कितीतरी गाड्यांचं इंजिन कोरडं होतं आणि बीसीएम बुडालेलं, कारण बऱ्याच गाड्यांत तो पायाजवळ असतो. पाणी सीटपर्यंतही चढायची गरज नाही. अशी गाडी पाण्यातून बाहेर काढल्यावर लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे किल्ली फिरवून बघतात. तेवढं करू नका. नुसतं भिजलेला बोर्ड धुऊन वाळवून वाचतो. भिजलेल्या बोर्डात करंट सोडला की तांबं विरघळायला लागतं, आणि जे गंजायला महिने लागले असते ते तासाभरात गंजतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, फोटो काढा, इन्शुरन्सवाल्यांना कळवा, गाडी टो करून आणा. पाणी चढायच्या आधीच गाडी उंचावर लावायला जमलं नाही, तर किमान निगेटिव्ह काढून ठेवा.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण बदलण्याआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट मागा, जुना डबा परत मागा, आणि "कशानं गेला?" हे विचारा. उत्तर "वय झालं होतं" असं आलं तर गालिचा स्वतः दाबून बघा.

गुरुजींची गाडी मी आणखी एक रात्र ठेवून घेतली, कारण झोपते का ते बघायचं होतं. लॉक केल्यावर थोड्या वेळात सगळे डबे एकेक करून झोपतात आणि गाडीचा खर्च ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. बॉनेट उघडं ठेवून मोजायचं, म्हणून बॉनेटच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून गाडीला फसवायचं, की बॉनेट बंद आहे. निगेटिव्हमध्ये मीटर लावून चहा प्यायला जायचं. जुन्या डब्यावर हा आकडा ०.६ अँपिअर होता. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याने अडीच दिवसांत रिकामी केली असती. सकाळी मीटरवर ०.०२ अँपिअर दिसले, म्हणजे २० मिलिअँपिअर.

गुरुजींना आकडा दाखवला. त्यांना जुना डबा हवा होता, आठवीच्या पोरांना दाखवायला. कागदात गुंडाळून दिला, आणि म्हणालो, गाडी तेवढी चिंचेखाली लावू नका.

"शाळेत सावली तेवढी एकच आहे, मेस्त्री," ते म्हणाले.

मग त्यांना जाळीच्या दोन क्लिपा कशा उचलायच्या आणि भोकात सायकलच्या ब्रेकची तार कशी फिरवायची ते दाखवलं.